पार्क स्ट्रीट आणि 'मोहीनेर घोडागुली' : बांगला रॉकचा आरंभ कुठे मानावा?

रॉक अँड रोलच्या इतिहासाकडे वळले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : पहिले रॉक अँड रोल गाणे कोणते? कोणी १९५१ मध्ये मेम्फिसला सॅम फिलिप्स यांच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेल्या 'रॉकेट ८८' चे नाव घेतो, कोणी बिल हेली यांच्या 'रॉक अराउंड द क्लॉक' चे. परीक्षेत एक गुण मिळवण्यापुरता हा प्रश्न ठीक आहे. एरवी तो फसवा आहे. हाच प्रश्न कोलकात्याला लावून पाहिला की त्यातली फसवणूक ध्यानात येते, म्हणून या टिपणात आपण कोलकात्याचे उदाहरण घेऊ.

आधी अमेरिकेत काय घडले ते थोडक्यात पाहू. दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांवरून कृष्णवर्णीय मजूर शिकागोसारख्या शहरांकडे निघाले, त्यांच्याबरोबर ब्लूजही निघाला. मडी वॉटर्स १९४३ मध्ये मिसिसिपीहून शिकागोला आला. दारूच्या गुत्त्यातल्या गोंगाटात साध्या गिटारचा आवाज पोचेना, म्हणून त्याने विजेची गिटार हाती घेतली. दुसरीकडे गोऱ्या ग्रामीण लोकांचे कंट्री संगीत होते. १९५४ मध्ये सन कंपनीने काढलेल्या एल्विस प्रेस्लीच्या पहिल्या तबकडीच्या एका बाजूला आर्थर क्रुडप या कृष्णवर्णीय गायकाचे गाणे आहे आणि दुसऱ्या बाजूला बिल मन्रोचे ब्लूग्रास. पुढच्याच वर्षी चक बेरीने 'मेबलिन' मध्ये उलट दिशेने प्रवास केला. त्याने कंट्री परंपरेतली एक जुनी चाल उचलली आणि तिला मोटारीची शर्यत व शाळकरी वयाची बोली दिली. शाळा, बस, उपाहारगृह, सगळीकडे वर्णभेदाची भिंत उभी होती, पण रेडिओच्या लहरी आणि लहान कंपन्यांच्या तबकड्या तिच्यावरून ये-जा करत होत्या. ही देवघेव समान नव्हती, हेही लक्षात ठेवा. 'हाउंड डॉग' आधी बिग मामा थॉर्नटनने गायले, पण जगाला ते एल्विसचे म्हणून ठाऊक आहे.

म्हणजे रॉक अँड रोलमध्ये एकाच वेळी तीन गोष्टी जुळून आल्या. एक ठेका : चार मात्रांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडणारा स्नेअर ड्रमचा ठोका. आपला कान समेची वाट पाहतो, भजनातली टाळीही तिथेच पडते. इथे मात्र वजन उलट जागी पडते आणि म्हणून अंग हलते. दुसरी गोष्ट बोली, म्हणजे ऐकणाऱ्याच्या वयाची आणि गल्लीची भाषा. तिसरी बाजार : स्वस्त तबकडी, ज्यूकबॉक्स, खिशात चार पैसे असलेली तरुण मुले. अमेरिकेत या तिन्ही गोष्टी पाच-सात वर्षांत एकत्र आल्या. कोलकात्यात त्या वेगवेगळ्या दारांनी, वेगवेगळ्या दशकांत आल्या. बांगला रॉकच्या आरंभाविषयीचा घोळ इथूनच सुरू होतो.

ठेक्याचे दार फार आधी उघडले होते. शिकागोत १९२० च्या दशकात लुई आर्मस्ट्राँगच्या बरोबरीने वाजवलेला पियानोवादक टेडी वेदरफोर्ड शांघाय आणि मुंबई करत कलकत्त्याला आला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ग्रँड हॉटेलात त्याचा वाद्यवृंद होता, आणि १९४५ मध्ये याच शहरात पटकीने त्याचा मृत्यू झाला. त्या वेळी शहर अमेरिकी सैनिकांनी भरलेले होते. हे जॅझ होते, रॉक अँड रोल नव्हे. पण ज्या मातीतून रॉक अँड रोल उगवले त्याच मातीतले हे संगीत होते, आणि त्यावर नाचणारा श्रोता शहरात तेव्हाच तयार झाला होता.

युद्धानंतर हा श्रोता पार्क स्ट्रीटवर सापडतो. ट्रिंकाज, मोकॅम्बो, ब्लू फॉक्स, मूलँ रूज अशी उपाहारगृहे, आणि तिथे अँग्लो-इंडियन, गोव्याचे, दार्जिलिंगकडचे वादक. पॅम क्रेन, लुई बँक्स, गोव्याचे सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस ही नावे तिथली. ते जॅझचे लोक. त्यांच्या शेजारीच साठच्या दशकात बीटल्सच्या वळणाचे तरुण संच उभे राहिले : कॅव्हेलियर्स, फ्लिंटस्टोन्स, पुढे ग्रेट बेअर. १९६७ पासून दहा वर्षे कलकत्त्यातूनच निघणारे आणि डेस्मंड डॉयग यांनी संपादित केलेले 'ज्युनियर स्टेट्समन' हे या पिढीचे साप्ताहिक होते. ठेका होता, काही प्रमाणात बाजारही होता. बोली मात्र इंग्रजी होती, आणि पार्क स्ट्रीटच्या दाराआड गेल्याशिवाय ती ऐकू येत नव्हती. बाहेर शहर वेगळेच काही जगत होते : निर्वासितांच्या वसाहती, अन्नटंचाई, १९६७ नंतर नक्षलबाडी.

बंगाली भाषेत हा ठेका प्रथम गाजला तो चित्रपटात. 'तीन भुबनेर पारे' (१९६९) मध्ये सुधीन दासगुप्तांच्या चालीवर मन्ना डे गातात आणि सौमित्र चटर्जी ट्विस्ट नाचतात. मराठी वाचकाला इथे लगेच चितळकर आठवतील. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी 'अलबेला' (१९५१) च्या वेळी चिक चॉकलेट या गोव्याच्या ट्रंपेटवादकाला हाताशी धरले होते, आणि 'आशा' (१९५७) मधले 'ईना मीना डीका' हे तर भारतातले पहिले रॉक अँड रोल गाणे म्हणून नेहमी सांगितले जाते. गाणे झकास आहे; आजही लागले की बसून राहवत नाही. पण त्यात बोली आहे का? त्याचे बरेचसे शब्द मुद्दामच निरर्थक आहेत. चित्रपटात हा ठेका म्हणजे एक पोशाख आहे : नायक तो चढवतो, गाणे संपले की उतरवतो. चितळकरांना तो शोभून दिसला, सुधीन दासगुप्तांनाही. पोशाख वाईट नसतो, पण त्याला आरंभ म्हणता येत नाही.

'मोहीनेर घोडागुली' कडे या पार्श्वभूमीवर पाहायला हवे. गौतम चट्टोपाध्याय प्रेसिडेन्सी कॉलेजचा विद्यार्थी. साठच्या दशकाच्या अखेरीस तो पार्क स्ट्रीटवर अँग्लो-इंडियन मित्रांच्या संचात वाजवत होता. मग नक्षल चळवळ, तुरुंगवास, काही काळ बंगालबाहेर. परतल्यावर १९७० च्या दशकाच्या मध्यास त्याने भाऊ आणि मित्र जमवून सात जणांचा संच उभा केला. नाव जीवनानंद दासांच्या 'घोडा' या कवितेतून घेतले. अर्थ 'मोहीनचे घोडे'. १९७७, १९७८ आणि १९७९ मध्ये तीन तबकड्या निघाल्या. पहिलीचे नाव 'संबिग्न पाखिकूल ओ कोलकाता बिषयक', म्हणजे उद्विग्न पक्षी आणि कोलकाता यांविषयी. नावावरूनच ही मंडळी बाजाराकडे पाठ करून उभी होती हे कळते. अपेक्षेप्रमाणे बाजारानेही त्यांच्याकडे पाठ केली. १९८१ च्या सुमारास संच विखुरला.

'भारतातला पहिला बांगला रॉक बँड' अशी त्यांची ओळख अभ्यासक्रमात दिलेली असते. ती वाचून तुम्ही ही गाणी ऐकायला बसलात तर बुचकळ्यात पडाल. गिटार आहे, ड्रम आहेत; पण बासरी, व्हायोलिन, सॅक्सोफोनही आहेत, आणि गळ्यात बाउलांची लांबलेली हाक आहे. स्वतः ते आपल्या संगीताला 'बाउल जॅझ' म्हणत. उलट मात्रेवरचा तो ठोका अनेकदा मंद असतो, कधी सापडतही नाही. मग यांना रॉक का म्हणायचे? माझे उत्तर असे : पार्क स्ट्रीटवर शिकलेला ठेका त्यांनी बाजूला ठेवला आणि रॉक अँड रोलची दुसरी अट पुरी केली. ट्राम, मध्यमवर्गीय घर, बेकारी, एकटेपणा हे त्यांनी आपल्या वयाच्या बंगालीत गायले. चक बेरीने ब्लूज आणि कंट्री यांची गाठ मारली, यांनी बाउल आणि पार्क स्ट्रीट यांची. करणी एकाच जातीची आहे. कानाला ती सारखी लागणार नाही आणि लागूही नये.

मात्र इथेच एक वजाबाकीही मांडली पाहिजे. बंगाली समीक्षक ती क्वचित मांडतात. पहिल्या तबकडीवरचे 'हाय भालोबाशी' घ्या. निवेदक आपल्या आवडी सांगताना पिकासो, बुन्युएल, डिलन अशी नावे घेतो, आणि एवढे असूनही काहीच बरे वाटत नाही म्हणतो. गाणे सुंदर आहे. ती उदासी खोटी नाही. पण ही उदासी ग्रंथालय पाहिलेल्या माणसाची आहे. मेम्फिसचा ट्रकचालक किंवा शिकागोचा गिरणीमजूर ज्या संगीतावर शनिवारी रात्री नाचे, ते इथे सभागृहाच्या खुर्चीत बसून ऐकण्याचे झाले. बांगला रॉकने बोली मिळवली आणि नाच गमावला. नव्वदीनंतरच्या संचांनी ठेका परत आणला, पण ऐकणारा बहुधा कॉलेजच्या आवारातलाच राहिला.

दुसरे नुकसान इतिहासलेखनाचे आहे. आरंभ भाषेवरून ठरवला की पार्क स्ट्रीटचे वादक 'नक्कल करणारे' म्हणून बाजूला पडतात. त्यांतले अनेक पुढे परदेशी गेले, काही मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदात मिसळले, आणि बंगाली संगीताच्या पुस्तकांत त्यांना एखादा परिच्छेद मिळाला तर नशीब. गौतम चट्टोपाध्यायचा हात ज्यांच्या संगतीत तयार झाला ते हेच लोक. बिग मामा थॉर्नटनला विसरणे आणि यांना विसरणे यांत मला फार फरक दिसत नाही.

१९९५ मध्ये 'आबार बछर कुडी परे' हा संग्रह कोलकाता पुस्तक मेळ्यात आला, तेव्हा सुमन चट्टोपाध्यायांच्या 'तोमाके चाइ' (१९९२) ने श्रोत्यांचा कान बदललेला होता, आणि जुन्या घोड्यांना अचानक नवे स्वार मिळाले. त्यातल्या 'पृथिबीटा नाकि' ची चाल तुम्ही बहुतेक ऐकलेली आहे : 'गँगस्टर' (२००६) मधले 'भीगी भीगी' तिच्यावरच उभे आहे. गौतम १९९९ मध्ये गेला होता. म्हणजे १९७० च्या दशकात नाकारला गेलेला बाजार शेवटी आला, पण हिंदीतून, आणि बोली बाहेर ठेवून.

पुढच्या व्याख्यानाआधी तीन गाणी ऐकून या : 'मेबलिन', 'ईना मीना डीका' आणि 'हाय भालोबाशी'. ऐकताना टाळी धरा. कोणत्या मात्रेवर हात आपोआप पडतो, आणि तिसऱ्या गाण्यात तो कुठे थांबतो, तेवढे वहीत लिहून आणा.