पाठमोरे वादक

डब्लिनमध्ये स्मिथफील्ड नावाचा जुना दगडी चौक आहे. एके काळी इथं घोड्यांचा बाजार भरायचा. त्या चौकाच्या टोकाला ‘द कॉबलस्टोन’ हा पब आहे. संध्याकाळी आत शिरलं, तर पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात सहा-सात जण एका टेबलाभोवती बसलेले दिसतात. कुणाकडे फिडल, कुणाकडे लाकडी बासरी, कुणाकडे कॉन्सर्टिना. स्टेज नाही, माइक नाही. एखाद-दोघांची तर सरळ आपल्याकडे पाठच असते.

लांबून आलेल्या माणसाला हे पहिल्यांदा थोडं लागतं. आपण एवढे पैसे खर्चून आलो, आणि हे आपल्याकडे बघायलाही तयार नाहीत?

या लेखात मला त्या पाठीबद्दलच बोलायचं आहे. ‘ऐतिहासिक आयरिश पब’ या गोष्टीची समीक्षा करायची तर सुरुवात तिथून करावी, भिंतीवरच्या पाटीपासून नको.

कारण पाट्या भरपूर आहेत. डब्लिनचा ‘द ब्रेझन हेड’ आपल्या नावापुढे ११९८ हे साल लावतो. आज उभी असलेली इमारत मात्र १७५४ची. अ‍ॅथलोनचा ‘शॉन्स बार’ तर थेट इसवी सन ९०० सांगतो. हे दावे खोडून काढण्यात मला रस नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. पाटीवरचं साल वाचलं की तिथं जे काही चाललंय ते सगळंच तितकं जुनं आहे, असं आपण गृहीत धरतो. भिंत जुनी, म्हणून स्टू जुना, म्हणून गाणंही जुनं. यातलं शेवटचं अनुमान साफ चुकीचं आहे.

आयरिश पारंपरिक संगीत जुनं आहे, पण ते पबमध्ये आलं अगदी अलीकडे. त्याआधी ते राहायचं घरात. थंडीच्या रात्री एखाद्याच्या स्वयंपाकघरात शेजारीपाजारी जमायचे, खुर्च्या भिंतीला लावायचे आणि नाचायचे. उन्हाळ्यात हाच नाच चार रस्ते मिळतात तिथं. पब ही मुख्यतः पुरुषांची पिण्याची जागा होती. बायका गेल्याच, तर ‘स्नग’ नावाच्या दाराआडच्या छोट्या खोलीत बसायच्या. पुढं १९३५ साली सार्वजनिक नाचाला परवाना सक्तीचा करणारा कायदा आला. पाद्री आणि पोलीस यांनी त्याचा वापर घरातल्या नाचांवरही केला. घराचं दार असं हळूहळू लागत गेलं.

पबचं दार उघडलं ते लंडनमध्ये. दुसऱ्या महायुद्धानंतर हजारो आयरिश माणसं बांधकामावर मजुरी करायला तिकडं गेली. भाड्याच्या एका खोलीत दहा माणसं आणि चार फिडल मावत नाहीत. मग ही मंडळी कॅम्डन, केंटिश टाउन भागातल्या पबमध्ये जमू लागली. आज ज्याला आपण ‘सेशन’ म्हणतो, तो हा घोळका. म्हणजे आयर्लंडची जी ‘प्राचीन’ परंपरा बघायला आपण जातो, तिचं आजचं रूप बऱ्याच अंशी परमुलखात, घर नसलेल्या माणसांनी घडवलं. १९५१ पासून आयर्लंडमध्ये ‘फ्ला खोल’ हा संगीताचा मोठा मेळा भरू लागला आणि सेशन मायदेशी रुजलं. १९६२ साली मेरियन रोवरच्या ‘ओ’डोनहूज’मध्ये वाजवणाऱ्या रॉनी ड्रू, लूक केली, बार्नी मकेना, किअरन बर्क यांच्यातून ‘द डब्लिनर्स’ हा गट उभा राहिला आणि पब व गाणं ही जोडी जगभर पक्की झाली. तो पबही मुळात किराणा दुकान होता.

सुरांची गोष्टही अशीच. या संगीतातला सर्वांत गाजलेला संग्रह १९०३ साली निघाला, त्यात १,८५० सुरावटी आहेत. तो केला फ्रान्सिस ओ’नील यांनी. ते शिकागोचे पोलीसप्रमुख होते.

आता वाजवण्याकडे येऊ. सेशनमधली एक सुरावट, म्हणजे ‘ट्यून’, साधारण अशी असते: आठ मात्राखंडांचा पहिला भाग, तो दोनदा, आठांचा दुसरा भाग, तोही दोनदा. झाले बत्तीस. रील असेल तर हे एक आवर्तन मिनिटाच्या आत संपतं. ते बहुधा तीनदा वाजतं आणि न थांबता दुसरी ट्यून सुरू होते. सगळे एकच सुरावट वाजवतात. हार्मनी जवळपास नाही, जॅझसारखे एकेकाचे सोलो नाहीत. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला म्हणूनच हे सगळं ‘एकसारखं’ वाटतं. ही तक्रार खोटी नाही. मलाही पहिला अर्धा तास तसंच वाटलं होतं.

गंमत कळते ती जवळ सरकल्यावर. मूळ सूर तोच, पण फिडलवाला त्यात एखादी बारीक मुरकी टाकतो, बासरीवाला श्वास घ्यायला एक सूर सोडतो आणि ती सोडलेली जागाच लय होते. पुढच्या आवर्तनात दुसरा कुणीतरी त्याला हसून उत्तर देतो. हे बोलणं चालतं ते त्यांच्या-त्यांच्यात. टेबलाभोवतीचं रिंगण त्यासाठी हवं. एकमेकांचे हात दिसल्याशिवाय, ऐकू आल्याशिवाय हे वाजूच शकत नाही. आपल्याकडे वळलेली पाठ म्हणजे उद्धटपणा नव्हे, या संगीताची ती बैठक आहे. गावच्या भजनी मंडळात टाळकरी समोरासमोर बसतात. त्यांना ‘जरा आमच्याकडे तोंड करा’ असं कोण सांगेल?

याउलट टेम्पल बार भागात जा. एका पबमध्ये मी दोन तास बसलो. एक गिटारवाला, एक माइक, भिंतीवर स्पीकर. दर अर्ध्या तासाला तीच चार गाणी, कारण तोवर टेबलं बदललेली असतात. ताटात घट्ट रश्श्याचा स्टू, शेजारी ब्राउन ब्रेड. दोन्ही चांगले होते. गिनेसचा ग्लास नियमानं दोन टप्प्यांत भरलेला. कंपनी स्वतः त्याला ११९.५ सेकंद सांगते. सगळं होतं, फक्त तिथं काही घडत नव्हतं.

इथंच लेख संपवून ‘तो पब खोटा, हा खरा’ असं म्हणता आलं असतं. पण ते न्याय्य होणार नाही. टेम्पल बारचा तो गिटारवाला त्या रात्रीचं घरभाडं कमावत होता. आणि सेशनही अगदी निःस्वार्थ नसतं: अनेक पब दोघा-तिघांना पैसे देऊन बसवतात, म्हणजे रिंगण नक्की जमतं, बाकीचे येतात ते हौसेनं. शिवाय हे रिंगण नवख्याला सहज आत घेत नाही. लय बिघडवणाऱ्या हौशी बोरानवाल्यावरचे विनोद साऱ्या आयर्लंडमध्ये प्रसिद्ध आहेत. थोडक्यात, खरा-खोटा हा निकषच तोकडा पडतो. त्यापेक्षा विचारावं: हे संगीत कुणासाठी चाललंय, आणि ग्राहक उठून गेले तर ते थांबेल का? टेम्पल बारमध्ये थांबेल. स्मिथफील्डमध्ये कदाचित कुणाच्या लक्षातही येणार नाही.

हा प्रश्न नुसता रसिकतेचा नाही, जमिनीचाही आहे. २०२१ साली कॉबलस्टोनच्या जागेवर आणि आसपास नऊ मजली हॉटेल बांधायचा प्रस्ताव आला. पुढची खोली राहणार होती. मागची, जिथं मैफली आणि शिकवण्या चालतात, ती जाणार होती. म्हणजे पाटी ठेवायची आणि शाळा पाडायची. लोक रस्त्यावर उतरले, वाजवत महापालिकेवर गेले. त्या नोव्हेंबरमध्ये महापालिकेनं परवानगी नाकारली. पण या प्रस्तावातला विरोधाभास विसरता येत नाही: ज्या संगीताच्या नावावर शहर पर्यटक बोलावतं, त्याच पर्यटकांना झोपायला जागा हवी म्हणून ते संगीत हलवायचं.

पब उचलून नेता येतो, हे तर सिद्ध झालेलं आहे. १९९०च्या दशकापासून गिनेसच्या पाठबळानं ‘आयरिश पब’ तयार नमुन्यांत जगभर गेले: व्हिक्टोरियन हवा की खेड्यातलं घर, किराणा दुकान हवं की ब्रूअरी. मुंबई-पुण्यात ‘आयरिश’ नाव लावलेल्या पबमध्ये आपल्यातले बरेच जण बसलेले आहेत. लाकूड तेच, आरसे तेच, ग्लासवरचा फेसही जवळपास तोच. कंटेनरमध्ये मावलं नाही ते फक्त रिंगण.

म्हणून डब्लिनला गेलात तर खुशाल स्टू खा, गिनेस प्या किंवा नुसता चहा मागवा, तोही मिळतो. वादकांच्या जवळ जागा मिळाली तर गप्प बसा आणि फर्माईश करू नका. मी मात्र फोन काढला होता. दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग केलं, त्यात बहुतेक वेळ एका बाईच्या स्वेटरची पाठ आणि फिडलच्या गजाचं टोक दिसतं. ट्यून संपल्यावर मी तिला नाव विचारलं. तिनं शेजारच्याला विचारलं, त्यानं पलीकडच्याला. कुणालाच आठवेना. तेवढ्यात बासरीवाल्यानं पुढची सुरू केली आणि ती पुन्हा पाठमोरी झाली.