हा माझा बायको!

दारिद्र्यातून सुचलेले सोंग हे सर्वांत रसाळ सोंग असते. 'अशी ही बनवाबनवी' या चित्रपटातल्या चौघांना पुण्यात डोक्यावर छप्पर हवे आहे, लीलाबाई काळभोरांना भाडेकरू म्हणून जोडपीच हवी आहेत, एवढ्या साध्या अडचणीतून परशुरामाची पार्वती होते आणि सुधीरची सुधा. मग ओळख करून देण्याची वेळ येते, आणि अशोक सराफांचा धनंजय माने बोलून जातो, 'हा माझा बायको पार्वती!' आपण हसतो. पण या हास्याला जरा उजेडात फिरवून पाहू. मराठीत स्त्रीवेष लुगड्याने पुरा होत नाही. 'आलो'चे 'आले' व्हावे लागते, 'जातो'चे 'जाते', आणि वेष घेणाऱ्याइतकीच सावधगिरी शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्यालाही बाळगावी लागते. ही कथा 'जय माकाली बोर्डिंग' या बंगाली चित्रपटातून हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'मध्ये (१९६६) आणि तिथून १९८८ साली वसंत सबनीसांच्या लेखणीतून आपल्याकडे आली. बंगाली क्रियापदाला स्त्री-पुरुष भेदच ठाऊक नाही; मराठीत मात्र प्रत्येक वाक्य पदर ढळवायला टपलेले.

आता दोघी 'बायकां'कडे शेजारी शेजारी पाहा. सचिन पिळगांवकरांची सुधा सोज्ज्वळ, नाजूक, नजर झुकवणारी. तिच्या मागे संगीत रंगभूमीवरच्या स्त्रीपार्टाची मऊ सावली आहे. योगायोग असा की १९८८ हे बालगंधर्वांच्या जन्मशताब्दीचेच वर्ष होते. लक्ष्मीकांत बेर्डे यांची पार्वती मात्र तमाशातल्या गवळणीच्या मावशीची सख्खी पुतणी! मावशी पुरुष आहे हे फडावरचा प्रत्येक जण जाणतो आणि म्हणूनच तिच्या मुरक्याला दाद देतो. पार्वतीच्या अंगात लपू न शकणारा परशा दिसतो, तेव्हा आपला आनंद त्याच जातीचा असतो. 'विच्छा माझी पुरी करा' लिहिणाऱ्या सबनीसांना ही वाट अनोळखी कशी असेल?

पण माझ्या मते या सोंगाढोंगातला खरा बहुरूपी तो, ज्याने वेष बदललेलाच नाही. आधीचे घरमालक सरपोतदार यांना मधुमेहावरचे इस्रायली औषध आणून देण्याच्या नावाखाली त्यांचे ७० रुपये पचवणारा धनंजय घरात पार्वतीचा नवरा आहे आणि दुकानात मालकीण माधुरी मॅडमसमोर हळवा प्रेमिक. अशोक सराफ ही तिन्ही माणसे एकाच शर्टात वागवतात. थाप सुचण्यापूर्वीचा तो निमिषभराचा विराम, मग चेहऱ्यावर पसरणारी निरागस खात्री, आणि आपल्याच थापेवर बसलेला त्याचा स्वतःचा विश्वास! त्यापुढे चौघांतला चौथा, सिद्धार्थ रे यांचा शंतनू, काहीसा फिका वाटतो, आणि मधली एकदोन प्रेमगीते आपण चहासाठी उठायला वापरली तरी फारसे बिघडत नाही.

पार्वतीच्या डोहाळजेवणाला मात्र उठू नये. खोटे पोट, खोटी लाज, पण गाणे अगदी खरे. त्या सुरांत कौतुकाची, जिव्हाळ्याची काही कसर ठेवलेली नाही. पार्वती अशी तृप्त दिसते की सोंगाचे भान सर्वांत आधी आपलेच सुटते, आणि कधीच न येणाऱ्या त्या बाळाचे नाव काय ठेवावे, याचा विचार आपण करू लागलेले असतो.