नोंदलेला भ्रष्टाचार आणि मोजलेला धूर : चीनच्या प्रांतांविषयीच्या अभ्यासांची चिकित्सा

स्थानिक प्रशासनातील भ्रष्टाचारामुळे त्या प्रदेशातील कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन वाढते काय, हा प्रश्न गेल्या पाव शतकात अर्थशास्त्राच्या कक्षेत स्थिर झाला आहे. २००० मध्ये लोपेझ व मित्र यांनी भ्रष्टाचार आणि प्रदूषण यांच्या संबंधाची सैद्धांतिक मांडणी केली. २००७ मध्ये मॅथ्यू कोल यांनी ९४ देशांच्या आकडेवारीवरून असे दाखविले की, भ्रष्टाचार नियमांची धार बोथट करून उत्सर्जन वाढवितो, परंतु उत्पन्नाची वाढ खुंटवून ते घटवितोही. आणि पुष्कळ देशांत हा दुसरा परिणाम अधिक प्रबळ ठरतो. पुढे याच धर्तीची पद्धती चीनच्या प्रांतांना लावण्यात आली. या अभ्यासांच्या गणिताविषयी फारशी तक्रार करण्याजोगे काही नाही. आक्षेप येतो तो त्यांच्या परिभाषेवर.

यांतील अनेक अभ्यासांत 'भ्रष्टाचार' या पदाचा अर्थ, सरकारी नोकरांच्या संख्येच्या प्रमाणात अभियोग-कार्यालयांनी नोंदविलेले लाच, अपहार व कर्तव्यच्युतीचे खटले, एवढाच असतो. हे कृतीचे मोजमाप नसून ती कृती उघडकीस आल्याचे मोजमाप आहे. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचे सापळे एखाद्या वर्षी वाढले, तर लाच वाढली की तक्रारदारांचे धैर्य वाढले, हे केवळ त्या संख्येवरून कोणी सांगू शकत नाही. चीनमध्ये २०१२ च्या अखेरीस भ्रष्टाचारविरोधी मोहीम सुरू झाल्यावर तर हा आकडा प्रामुख्याने वरिष्ठांच्या इच्छेचा निदर्शक बनला. २०१८ मध्ये या गुन्ह्यांचा तपास मुख्यतः नव्या पर्यवेक्षण आयोगाकडे गेला आणि जुनी आकडेमालाच खंडित झाली.

याहून गंभीर दोष काळाचा आहे. घटनेचा काळ आणि तिच्या कथनाचा काळ यांत भेद करणे व्याकरणाच्या विद्यार्थ्याला प्रारंभीच शिकविले जाते. येथे तो भेद पुसला गेला आहे. अंतर्गत मंगोलियात २०२० मध्ये कोळसा-व्यवहारांची चौकशी आरंभली गेली, ती मागील वीस वर्षांपर्यंत जाणारी होती. समजा, २००५ मध्ये लाच देऊन मिळविलेला एखादा खाणपरवाना या चौकशीत सापडला. त्या खाणीतील कोळसा पंधरा वर्षे जळत राहिला, खटला मात्र २०२० च्या रकान्यात पडला. त्या वर्षीच्या उत्सर्जनाशी त्या वर्षीच्या खटल्यांचा संबंध जोडून निघणारा गुणक कितीही काटेकोर असला, तरी तो नेमके काय सांगतो?

समीकरणाच्या दुसऱ्या बाजूचीही अवस्था निराळी नाही. प्रांताचे उत्सर्जन कोणी मोजत नाही. जळालेल्या कोळशाच्या शासकीय आकड्यावरून ते काढले जाते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार, २०१० या वर्षासाठी प्रांतांच्या आकड्यांवरून काढलेली उत्सर्जनाची बेरीज राष्ट्रीय आकड्यांवरून काढलेल्या उत्सर्जनापेक्षा सुमारे १४० कोटी टनांनी अधिक भरली. पुढे २०१५ मध्ये राष्ट्रीय आकडाच दुरुस्त झाला आणि २०१२ चा कोळशाचा वापर सुमारे १७ टक्क्यांनी वाढला. ज्या कचेऱ्यांच्या सचोटीविषयी शंका घ्यावयाची, त्यांच्याच वह्यांतून उत्सर्जन वाचावयाचे, असा हा प्रकार आहे. उत्पादनवाढीचे श्रेय हवे असलेला अधिकारी आकडा फुगवील, बंदी घातलेली खाण चालू देणारा तो लपवील. चूक कोणत्या दिशेची आहे हेदेखील आधी ठरविता येत नाही.

अर्थात, एवढ्यावरून परिणामच नाही असे म्हणणे अतिरेकाचे होईल. शिआन शहरात २०१६ मध्ये पर्यावरण खात्याच्याच अधिकाऱ्यांनी हवा तपासणाऱ्या यंत्राच्या तोंडात सूत कोंबले. २०१७ मध्ये त्यांना शिक्षा झाली. प्रश्न तेथे धूलिकणांचा होता, कार्बनचा नव्हे. तथापि नियम कागदावर शाबूत ठेवून त्याचे मोजमाप पोखरण्याची रीत दोन्हीकडे एकच आहे, आणि तिचा माग प्रांतवार सरासरीत लागत नाही.

तो लागण्याची शक्यता न्यायनिर्णयांत अधिक आहे. गुन्हा केव्हा घडला, परवाना कोणता, त्याचा लाभ कोणाला झाला, हे तपशील तेथे पुष्कळदा नोंदलेले असतात. त्यावरून खाणनिहाय व वर्षनिहाय मांडणी करणे कष्टाचे आहे, अशक्य नाही. २०१३ पासून चीनमधील न्यायालयांचे निर्णय संकेतस्थळावर मोठ्या प्रमाणात प्रसिद्ध होऊ लागले होते. २०२१ नंतर त्यांची संख्या झपाट्याने घटली.