मेळावा मराठी, मग डेटा कुणाचा?

मनामात डेटा सायन्समध्ये काम करणारी आपली मराठी मंडळी अधूनमधून जमतात. मीही आवर्जून जातो. वडापाव झकास असतो. कुठे व्हेकन्सी आहे, ॲमेझॉनने २०१९ मध्ये बहारीनमध्ये क्लाउड केंद्रं उघडल्यापासून कोणतं सर्टिफिकेट चालतं, ही माहितीही उपयोगाची. पण हीच चर्चा मल्याळी किंवा तमिळ मंडळींतही होते. मग मेळावा 'मराठी' कशासाठी? फक्त वड्यासाठी?

पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटाने २०२१ मध्ये सुमारे १६,००० मराठी ट्वीट्स जमवली आणि प्रत्येकावर सकारात्मक, नकारात्मक की तटस्थ अशी खूण माणसांकडून करवून घेतली. संगणकाला मराठी भावना शिकवण्याचं हे मोलाचं काम. पण ती ट्वीट्स महाराष्ट्रातल्या नामवंतांची. म्हणजे अभिनंदन, टीका, आवाहनं यांची भाषा. घरी उशिरा पोचल्यावर ऐकू येणारं "आलात? बरं झालं, अजून जरा थांबला असतात!" त्यात कुठून येणार? 'बरं झालं' पाहून यंत्र खूश! २०२३ मध्ये याच गटाने चित्रपट-परीक्षणं, मालिकांची सबटायटल्स वगैरे घेऊन संच सुमारे ६०,००० वाक्यांपर्यंत नेला. तरीही टोमणा ओळखायला टोमणे खाल्लेला माणूसच हवा, आणि असे लोक आपल्या मेळाव्यात कमी नाहीत.

तेव्हा पुढच्या वेळी शंभर वाक्यं घेऊन बसू या. एकाच वाक्यावर नागपूरकर आणि कोल्हापूरकर कोणती खूण करतात ते पाहू. व्हेकन्सीचं चहाच्या वेळी बोलू.