शिंक्यात भरलेले दगड

पेरूतल्या कारालचा मोठा पिरॅमिड समोरून पाहिला, तर त्याची खरी गंमत कळत नाही. सुपे नदीच्या खोऱ्यात, वाळवंटाच्या मातकट रंगात मिसळून गेलेला तो पायऱ्यापायऱ्यांचा डोंगर. पुढ्यात जमिनीत उतरवलेला गोल चौक. इ.स.पू. २६००च्या सुमारास तो रचणाऱ्यांच्या घरात मातीचं भांडंदेखील नव्हतं. पण वाचायचा तो त्याच्या पोटातून, भराव उघडा पडलाय तिथून.

तिथे दिसतात लव्हाळ्या-गवताच्या जाळीदार पिशव्या, दगडांनी गच्च भरलेल्या. त्यांना शिक्रा म्हणतात. (आपल्या कानाला लगेच शिंकं आठवतं. शब्दांचं नातं काही नाही, पण विणीचं आहे.) दगड वाहून आणायचे आणि पिशवी रिकामी न करता तशीच भरावात बसवायची. ओझं वाहायचं साधन स्वतःच बांधकाम होऊन जातं! सुटे दगड ओतले असते, तर सगळा दाब बाहेरच्या भिंतींवर आला असता, आणि हा भूकंपांचा मुलूख. जाळीतला दगड हादऱ्याने हलतो, शेजाऱ्याला टेकतो, पण घरंगळत नाही. आपल्याकडे ओढ्यावर गॅबियन बंधारा घालतात, त्याची युक्ती हीच. फक्त जाळी तारेची.

या पिशव्यांनी आणखी एक काम केलं, विणणाऱ्यांच्या स्वप्नातही नसलेलं. पुरातत्त्वज्ञ रुथ शेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१मध्ये कारालचं वय जाहीर केलं, ते या गवताच्या कार्बन-चाचणीवरून. लाकूड जुनं असू शकतं, दुसरीकडून काढून आणलेलं असू शकतं. गवत मात्र कापलं त्याच सुमारास विणलं जातं. त्याची तारीख म्हणजे जवळजवळ बांधकामाचीच तारीख.

वीण त्यांच्या हातात कुठून आली, याचं उत्तर मला खोऱ्यातल्या व्यवहारात दिसतं. समुद्र इथून सुमारे २३ किलोमीटर. नदीचं पाणी वळवून पिकवलेला कापूस किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या जाळ्यांसाठी खाली जाई आणि बदल्यात मासळी वर येई. म्हणून कारालच्या उकिरड्यांत, भर वाळवंटात, छोट्या मासळीचे काटे सापडतात.