एंटर न मारलेली पानं

मोठी फाईल हाती आली की मी आधी मजकूर वाचत नाही. वर्डमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि ८ एकदम दाबतो. एरवी न दिसणाऱ्या खुणा उमटतात: स्पेसच्या जागी ठिपका, टॅबच्या जागी बाण, एंटरच्या जागी परिच्छेदाची खूण. बहुतेक फाईलींत या क्षणी पानभर मुंग्या पसरतात. शीर्षक मधोमध आणायला तीस ठिपके, नवं प्रकरण नव्या पानावर ढकलायला तेरा एंटर. वर एक ओळ वाढवली की खालचं सगळं घसरतं.

लोकसाहित्यावरच्या एका प्रबंधाची तीनशेबारा पानी फाईल मात्र खुणा उघडल्यावरही तशीच स्वच्छ राहिली. ती टाईप करणाऱ्या बाईंना मी भेटलेलो नाही. त्यांचा हात मला स्टाईलींच्या यादीत भेटला.

'प्रकरण' ही पहिली स्टाईल. नव्या पानावर सुरू व्हायचं, हे तिच्यातच सांगून ठेवलंय. तिच्यानंतर एंटर मारला की आपोआप 'पहिला परिच्छेद' येतो, समासाला भिडलेला. शीर्षकाखालच्या परिच्छेदाला आत सरकवायची गरज नसते, ही जुनी छपाईची जाण. पुढच्या एंटरला 'मजकूर', पहिली ओळ किंचित आत. म्हणजे टाईप करणाऱ्यानं फक्त लिहीत जायचं. अक्षर कसं दिसावं यापेक्षा ते तिथं कशासाठी आहे, हे बाईंनी आधी ठरवलं आणि त्याला नाव दिलं. वर्डमधली ही सोय काही आजची नाही. झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रात १९७४ साली 'ब्राव्हो' हा लेखनाचा प्रोग्राम घडवणाऱ्यांपैकी एक, चार्ल्स सिमोनी, पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि १९८३ मध्ये वर्ड आलं. डॉसवरच्या त्या जुन्या वर्डमध्येही स्टाईलशीटची वेगळी फाईल असे. साधन इतकं जुनं आहे, तरी ते असं मनापासून वापरलेलं क्वचितच दिसतं.

'मजकूर' उघडून पाहिली आणि मी थांबलोच. एकाच स्टाईलमध्ये दोन फाँट: देवनागरीला कोकिला, १८, रोमनला टाइम्स न्यू रोमन, १२. कोकिलाचं अक्षर मुळात बारीक, म्हणून आकड्यांत एवढं अंतर. कागदावर दोन्ही लिप्या एका उंचीच्या वाटतात. मराठी वाक्यात इंग्रजी ग्रंथाचं नाव आलं तरी ओळ दचकत नाही. ओळींतलं अंतर 'एक्झॅक्टली'वर बांधलेलं, पण पुरेसं सैल; वरची वेलांटी किंवा खालचा उकार कुठंही छाटला गेलेला नाही. देवनागरीत तिरपं अक्षर उपरं वाटतं, म्हणून ग्रंथनामांसाठी वेगळी अक्षर-स्टाईल आणि तिला फक्त ठळकपणा.

मला सर्वांत आवडली ती 'उपशीर्षक'मधली एक टिचकी: पुढच्या परिच्छेदासोबत राहा. पानाच्या तळाशी एकटं उरलेलं उपशीर्षक मला फार खुपतं. वाचक पान उलटतो तेव्हा त्याच्या हाती नुसतं आश्वासन असतं. तीनशेबारा पानांत असं एकही नाही. परिच्छेदाची एकच ओळ मागच्या किंवा पुढच्या पानावर तुटून पडू नये, तीही काळजी घेतलेली.

आरंभीची पानं रोमन आकड्यांत, प्रकरणं १ पासून. त्यासाठी मध्ये सेक्शन ब्रेक घालून तळातला 'लिंक टू प्रीव्हियस' तोडावा लागतो. इथं भलेभले अडखळतात. बाईंनी तो अचूक तोडलाय. पानाच्या माथ्यावरचं प्रकरणाचं नावही हातानं टाईप केलेलं नाही, फील्डनं शीर्षकातून उचललेलं.

मग मार्गदर्शकांचा निरोप आला: तिसरं प्रकरण दुसऱ्याच्या आधी हवं. मी नॅव्हिगेशनच्या पट्टीत शीर्षक धरून वर ओढलं. सगळं प्रकरण तळटीपांसकट उठून गेलं, तळटीपांचे आकडे आपोआप नव्यानं लागले. सगळं निवडून एफ ९ दाबलं. अनुक्रमणिका बदलली, आणि पान २०४ वरचं 'प्रकरण ३ पाहा' आता 'प्रकरण २ पाहा' असं झालं होतं.