निचरा, झिरप आणि प्रतिमा : मेंदूतील द्रवाविषयीच्या संशोधनाची भाषा

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यात, नागपूर–हैदराबाद महामार्गापासून जेथे चंद्रपूरचा रस्ता फुटतो, तेथे जाम हे गाव आहे. भोवतालची जमीन काळी, कपाशीची. पावसाळ्यात अशा जमिनीत पाणी धरून राहिले म्हणजे पीक पिवळे पडते. त्यामुळे ‘निचरा’ या शब्दासाठी तेथील शेतकऱ्याला कोश उघडावा लागत नाही. त्याच्या बोलण्यात पाणी साचते, मुरते, झिरपते, पाझरते, वाहते आणि निचरते. यांतील एक क्रियापद दुसऱ्याच्या जागी चालत नाही. मुरलेले पाणी शेतातच असते. निचरलेले शेताबाहेर गेलेले असते. वाहणाऱ्या पाण्याची वाट दाखविता येते. झिरपणाऱ्या पाण्याची वाट अनुमानानेच सांगावी लागते. मेंदूतील द्रवाविषयीचे अलीकडचे संशोधनवाङ्मय वाचताना उणीव जाणवते ती नेमक्या याच काटेकोरपणाची.

मेंदू व पाठीचा कणा यांभोवती असणारा मस्तिष्क-मेरुद्रव प्रौढ माणसात सुमारे १५० मिलिलिटर असतो, आणि दिवसाकाठी सुमारे ५०० मिलिलिटर नवा निर्माण होतो. अर्थात जुना कोठेतरी गेलाच पाहिजे. तो कोठून व कसा जातो, हा प्रश्न फार जुना आहे. मेंदूच्या आवरणांत लसीकावाहिन्या असल्याचे इटालियन शारीरविद पाओलो मास्कान्यी याने १७८७ सालीच नोंदविले होते. परंतु पुढील दोन शतके पाठ्यपुस्तके मेंदूला लसीकातंत्र नाही असेच शिकवीत राहिली. २०१२ मध्ये माइकेन नेडरगार्ड, जेफ्री इलिफ व त्यांचे सहकारी यांनी उंदरांवरील प्रयोगांवरून असा सिद्धान्त मांडला की, हा द्रव रोहिण्यांच्या कडेने मेंदूत शिरतो, आधारपेशींच्या साहाय्याने ऊतकातून पुढे सरकतो आणि नीलांच्या कडेने टाकाऊ द्रव्ये घेऊन बाहेर पडतो. या व्यवस्थेला त्यांनी ‘ग्लिम्फॅटिक’ हे नाव दिले. आधारपेशींचे ‘ग्लिया’ आणि लसीकातंत्राचे ‘लिम्फॅटिक’ ही दोन नावे जोडून ते घडविलेले आहे.

नाव ही केवळ खूणचिठ्ठी नसते. त्यात एक विधान दडलेले असते. ‘ग्लिम्फॅटिक’ म्हटले की लसीकातंत्राप्रमाणे वाहिन्या, प्रवाह आणि निर्गम या तिन्ही गोष्टी गृहीत धरल्या जातात. त्यांपैकी आत शिरण्याची वाट प्रयोगात बरीच स्पष्ट दिसली होती. ऊतकातील प्रवाह मात्र वादग्रस्त होता आणि आजही आहे. तेथे द्रव खरोखर वाहतो की त्यातील रेणू केवळ विसरणाने पसरतात, या मुद्द्यावर अनेक भौतिकीतज्ज्ञांनी व शरीरक्रियाविदांनी हरकत घेतली. मराठीत तर आणखी एक अडचण उभी राहते. ‘लसीका’ हा पारिभाषिक शब्द निर्दोष आहे, पण त्याच्या पोटातील ‘लस’ सामान्य वाचकाला आधी टोचण्याची लस आठवून देते, आणि जखमेतून पाझरणारा पातळ द्रव हा तिचा जुना अर्थ नंतर. (ध्वनिसाम्यावर विसंबणे धोक्याचेच. ‘जाम’ हे गावाचे नाव आहे, एवढ्यावरून तेथे रस्ता कोंडतो असे कोणी म्हणत नाही.)

माणसाच्या बाबतीत निर्णय लागायचा तो चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमांवरून, म्हणजे व्यवहारात ज्याला एम. आर. आय. म्हणतात त्यावरून. या प्रतिमांच्या लेखनातही दोन जाती दिसतात. अमेरिकेतील मार्टिना अ‍ॅब्सिंटा व सहकाऱ्यांचा २०१७ चा निबंध पहिल्या जातीचा उत्तम नमुना होय. त्यांनी पाच निरोगी माणसे व तीन मार्मोसेट माकडे यांच्या आवरणांतील वाहिन्या दाखविल्या. त्यासाठी दोन द्रव्ये वापरली. गॅडोब्युट्रॉल हे आवरणातील रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपते. गॅडोफॉसव्हेसेट रक्तातील अल्ब्युमिनला चिकटून बहुतांशी रक्तातच राहते. पहिल्याने उजळलेल्या व दुसऱ्याने न उजळलेल्या वाहिन्या रक्ताच्या नसून लसीकेच्या असल्या पाहिजेत. येथे तुलनेनेच पुरावा सिद्ध होतो, आणि शब्द त्या पुराव्याच्या पुढे धावत नाही.

ऑस्लोमधील गैर रिंगस्टाड व पेर क्रिस्टियान आइडे यांचे कार्यही याच तोलाचे आहे. त्यांनी गॅडोब्युट्रॉल कण्यातील द्रवात सोडले आणि पुढील चोवीस तास व त्याहून अधिक काळ प्रतिमा घेतल्या. उजळपणा मोठ्या रोहिण्यांच्या कडेने मेंदूच्या पृष्ठभागावर चढतो, मग आत पसरतो. आणि सामान्य-दाब जलशीर्ष या विकाराच्या रुग्णांत तो रेंगाळतो. येथे ‘पसरतो’ व ‘रेंगाळतो’ ही क्रियापदे प्रतिमेने मिळविलेली आहेत. ‘वाहून जातो’ हे मात्र मिळविलेले नाही, कारण दिसते ते सोडलेले द्रव्य. पाणी नव्हे, की मेंदूतील टाकाऊ प्रथिनही नव्हे.

दुसरी जात अधिक प्रसवशील आहे. तोशिआकी ताओका व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये एक निर्देशांक सुचविला. पार्श्वनिलयाच्या पातळीवर श्वेतद्रव्यातील शिरा डावी-उजवीकडे धावतात, तर तेथील प्रमुख तंतू वरखाली व पुढेमागे. तेव्हा शिरांच्या दिशेने पाण्याचे विसरण किती, याचे इतर दिशांशी गुणोत्तर काढावयाचे. सुई नको, द्रव्य नको, जुन्या प्रतिमाही चालतात. साहजिकच या निर्देशांकावर निबंधांचा पूर आला. परंतु त्यांतील पुष्कळांत निष्कर्षाच्या जागी ‘ग्लिम्फॅटिक कार्य घटले’ असे वाक्य असते. मोजले आहे एका लहान जागेतील पाण्याचे दिशावार विसरण. तंतूंची झीज झाली, डोके किंचित कलले, तरी ते गुणोत्तर बदलते. शिवाय विसरण म्हणजे प्रवाह नव्हे, ही तर पहिल्या वर्षाची व्याख्या. ताओका यांनी स्वतःच पुढे, हा निर्देशांक त्या तंत्राचे थेट मोजमाप समजू नये असा इशारा दिला आहे. कर्त्याने आखलेली मर्यादा अनुयायांनी ओलांडावी, हे वाङ्मयेतिहासात नवे नाही. विज्ञानात ते अधिक महाग पडते.

झोपेच्या बाबतीत हेच घडले. २०१३ मध्ये उंदरांत झोपेच्या वेळी पेशींमधील अवकाश सुमारे १४ टक्क्यांवरून २३ टक्क्यांवर जातो असे दिसले, आणि ‘झोपेत मेंदू धुतला जातो’ हे वाक्य जगभर झाले. २०२४ मध्ये लंडनच्या एका गटाने, उंदरांतच, झोपेत व भुलीत द्रव्य बाहेर पडण्याचे प्रमाण उलट घटते असे प्रसिद्ध केले. त्यावरही आक्षेप आले. वाद चालू आहे. ‘धुणे’ हे क्रियापद मात्र वाद मिटल्यासारखे वावरते.

हा केवळ शब्दांचा कीस आहे असे वाटण्याचा संभव आहे. पण चीनमध्ये अल्झायमरच्या रुग्णांच्या मानेतील लसीकावाहिन्या शिरांना जोडून मेंदूचा ‘निचरा’ वाढविण्याच्या शस्त्रक्रिया अनेक ठिकाणी होऊ लागल्या, आणि पुरेसा पुरावा नाही म्हणून जुलै २०२५ मध्ये तेथील राष्ट्रीय आरोग्य आयोगाला त्या बंद कराव्या लागल्या. रूपक चाकूपर्यंत पोचले होते. निचरा बिघडला म्हटल्यावर चर खणावा, असे जामच्या शेतकऱ्यालाही सुचेल. त्यात त्याची चूक काय? सामान्य-दाब जलशीर्षात असा चर खरोखरच खणतात: नळी बसवून द्रव पोटात सोडतात, आणि निवडक रुग्णांची चाल सुधारते. तेथे ‘निचरा’ शब्दशः खरा आहे. अल्झायमरमध्ये तो अद्याप उपमेय नसलेली उपमा आहे.

जामपासून जवळच सेवाग्राम येथे १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि खेड्यापाड्यांतून येणाऱ्या नातेवाइकांना प्रतिमेचा अर्थ मराठीतच सांगावा लागतो. ‘मेंदूचा निचरा होत नाही’ या वाक्यावर संभाषण संपते. ऐकणाऱ्याला सारे समजल्यासारखे वाटते. ‘कण्यात सोडलेले द्रव्य चोवीस तासांनंतरही मेंदूत उरले आहे’ असे म्हटले, तर तो पुढचा प्रश्न विचारील: मग ते एरवी जाते कोठून?